मराठी वाचनगटासाठी मोबाइल ॲप कसं घडवायचं: नवख्यांसाठी

वाचायला एक जागा आणि बोलायला दुसरी, अशी आज बहुतेक मराठी वाचनगटांची विभागणी आहे. वाचन छापील प्रतीत, किंडलवर किंवा बुकगंगावर होतं, बोलणं व्हॉट्सॲपवर. तिथे कुणीतरी एखाद्या परिच्छेदावर मनापासून दहा ओळी लिहितं आणि संध्याकाळपर्यंत त्या शुभेच्छांच्या चित्रांखाली जातात. तीन आठवड्यांनी त्याच परिच्छेदाशी पोचलेल्या वाचकाला त्या सापडत नाहीत. उलट पुढचं सगळं वाचून झालेला सदस्य शेवट आधीच सांगून टाकतो.

म्हणून वाचनाचं आणि चर्चेचं ॲप करायला घेताना एक गोष्ट पक्की धरा: चर्चा पुस्तकातल्या त्या त्या ओळीला बांधलेली असावी, आणि वाचक त्या ओळीपर्यंत पोचला की मगच ती त्याच्यासमोर यावी. पुढचे जवळपास सगळे निर्णय यातूनच निघतात.

आधी एक खरा गट धरा

'सर्व मराठी वाचकांसाठी' ॲप करायला बसलात तर एकही निर्णय नीट घेता येणार नाही. एक गट निवडा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा, कॉलेजचा, सोसायटीतला किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा. आठ ते पंधरा माणसं पुरे. त्यांच्या बैठकींना जा आणि काहीही न सुचवता बसा. उतारा शोधताना लोक काय करतात? "ते तिसऱ्या प्रकरणात, आजी परत येते तिथे" असं म्हणतात की पान क्रमांक सांगतात? कोण मोठ्याने वाचून दाखवतं, कोण गप्प बसून शेवटी जिना उतरताना बोलतं? पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा दाखवायला सांगा. या खुणा म्हणजे तुमच्या ॲपचा पहिला आराखडा.

मग तीन-चार माणसं डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येकाचं एक वाक्य लिहा. निवृत्त शिक्षिका: फोनचं अक्षर मोठं केलेलं, टाइप करायचा कंटाळा, पण बोलायला भरपूर. लोकलने घरी जाणारा तरुण: वाटेत नेटवर्क येतं-जातं. न्यू जर्सीतली वाचक: पुण्यात संध्याकाळची बैठक भरते तेव्हा तिच्याकडे सकाळची घाई. पहिल्या वाक्यातून आवाजी टिपांची गरज निघते, दुसऱ्यातून नेटशिवाय वाचता येण्याची. तिसऱ्यातून कळतं की चर्चा ठरावीक वेळेला बांधून चालणार नाही. सुविधांची यादी अशी माणसांपासून सुरू झाली तरच ती आटोक्यात राहते.

मजकुराचे हक्क

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण स्क्रीन रेखाटण्याआधीच करा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या नव्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली. हरी नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचं लेखनही खुलं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून धरतात.

मूळ पुस्तक खुलं असलं तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. शिवाय परदेशी वाचकांसाठी तिथला कायदा बघावा लागतो. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत बहुतेक वेळा प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी मोजतात, त्यामुळे भारतात खुलं असलेलं पुस्तक तिथे अजून बंद असू शकतं.

हक्क शाबूत असलेली पुस्तकं मग टाळायची का? मुळीच नाही. गटाला आजची पुस्तकं वाचायची असतात, आणि त्यासाठी मजकूर ॲपमध्ये असायलाच हवा असं नाही. 'माझ्याकडे छापील प्रत आहे' अशी एक वाट सुरुवातीपासून ठेवा. वाचक आपली प्रत वाचतो आणि ॲपमध्ये फक्त प्रकरणवार चर्चा असते. आवृत्तीगणिक पानं बदलतात, म्हणून जागा सांगताना प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार-पाच शब्द विचारा. पानांचे फोटो टाकायची सोय देऊ नका, कारण त्यातून हळूहळू अख्खं पुस्तक वर चढतं. माझ्या मते मराठीसाठी हीच वाट जास्त वापरली जाईल, कारण आपली किती तरी चांगली पुस्तकं ई-रूपात आलेलीच नाहीत.

मजकूर स्वच्छ करणं

खुल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत ही पहिली जागा. तिथला बराच मजकूर स्वयंसेवकांनी मूळ पानांशी ताडून तपासलेला असतो. जिथे फक्त स्कॅन मिळतं तिथे टेसरॅक्टसारखं अक्षरओळख करणारं साधन मराठी वाचतं, पण त्यानंतर माणसाने ओळन् ओळ तपासण्याला पर्याय नाही.

प्रकाशकाने परवानगी देऊन फाइल दिली तर वेगळी अडचण येते. अनेक जुन्या फाइल श्रीलिपीसारख्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी ओळखली जावीत यासाठीची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतात. त्या रूपांतरित करता येतात, पण मोठ्या चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून पहिली वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' बिघडतात. रूपांतरानंतर हे शब्द आधी शोधा.

पीडीएफ नको, ईपब (ई-पुस्तकांसाठीचा फाइलप्रकार) करा. पीडीएफचं पान कागदाच्या मापात गोठलेलं असतं, फोनवर ते बोटांनी सरकवत वाचावं लागतं. ईपबमधला मजकूर पडद्याच्या आणि अक्षराच्या मापाप्रमाणे वाहतो, आणि ओळीला टीप बांधणंही त्यात सोपं जातं.

जुन्या पुस्तकांतलं 'नाहीं', 'कांहीं' तसंच ठेवायचं की आजच्या पद्धतीने बदलायचं? तसंच ठेवा. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. त्याआधीचं पुस्तक त्याच्या काळाच्या लेखनात वाचण्याचा वाचकाला हक्क आहे. अडचण फक्त शोधाची येते, तिच्याकडे पुढे येऊ.

वाचनाचं पान

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार असतात आणि खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर इथे कमी पडतं. अक्षराच्या मापाच्या १.६ ते १.८ पट अंतरापासून सुरुवात करा आणि 'कर्तृत्व'मधला रफार किंवा ऋकार छाटला जात नाही ना, ते बघा.

अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका. इंग्रजी शीर्षकांत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरकं अक्षरही टाळा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये वेगळं तिरकं वळण नसतं, यंत्र सरळ अक्षरच वाकवतं. जोर द्यायचा असेल तर ठळक करा. ओळी दोन्ही कडांना जुळवू नका. 'विद्यार्थ्यांबरोबरच' असा एकच शब्द फोनवर ओळीची मोठी जागा खातो, आणि जुळवलेल्या ओळीत उरलेल्या शब्दांमध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे उत्तम. कवितेत, अभंगात, ओवीत मात्र ओळ कवीची असते. ती पडद्यात मावली नाही तर उरलेला भाग थोडा आत सरकवून खाली न्या, म्हणजे नवी ओळ सुरू झाल्याचा भास होणार नाही.

फॉन्ट दोन-तीनच ठेवा. नोटो सेरिफ देवनागरी दीर्घ वाचनाला चांगला, मुक्ता बटणांना आणि सूचनांना. तिरो देवनागरी मराठी हा मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' देणारा फॉन्ट मला कथा-कादंबरीसाठी फार आवडतो. तिन्ही मोफत वापरता येतात. काही फॉन्टमध्ये मराठी वळणं आत दडलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. ईपबमध्ये ही नोंद करायला विसरू नका, नाहीतर तुमच्या वाचकाला हिंदी वळणाची अक्षरं दिसतील.

कोणताही फॉन्ट पक्का करण्याआधी ही ओळ त्यात लावून बघा: वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, वाङ्मय, कर्तृत्व, उद्ध्वस्त, शृंगार, चिन्ह, सद्गुरू, ॲप, ऑफिस. अक्षर सगळ्यात मोठं करून, सगळ्यात लहान करून, आणि काळ्या पार्श्वभूमीवरही बघा.

अक्षर मोठं-लहान करण्याची सोय पानावरच, एका बोटाच्या अंतरावर द्या. सेटिंगमध्ये दडवलीत तर जिला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्या वाचकाला ती सापडणार नाही.

ओळीला टीप बांधणं

वाचकाने ओळीवर बोट दाबून धरलं की तीनच पर्याय यावेत: खूण, टीप, अर्थ. यापेक्षा जास्त दिलेत की हात थबकतो.

खूण करताना निवड नेहमी पूर्ण अक्षरावर थांबली पाहिजे. 'क्षि' वाचकाला एक अक्षर दिसतं, संगणकाच्या लेखी ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. निवड मध्येच तुटली तर सुट्या वेलांटीजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. खरं तर वाचक क्वचितच अर्धा शब्द निवडतो, म्हणून निवड आपोआप शब्दाच्या कडेला नेऊन ठेवणं सगळ्यात बरं.

टीप साठवताना फक्त 'इतकाव्या अक्षरापासून' अशी नोंद ठेवलीत तर फसाल. पुढे कुणी पहिल्या प्रकरणातली एक मुद्रणचूक दुरुस्त करेल आणि त्यापुढच्या सगळ्या टिपा घसरतील. निवडलेले शब्द, त्यांच्या आधीचे काही शब्द आणि नंतरचे काही शब्द, तिन्ही साठवा, म्हणजे मजकूर थोडा हलला तरी जागा सापडते. वेबवरच्या टिपांसाठी २०१७ साली ठरलेल्या 'वेब ॲनोटेशन' या मानकात ही पद्धत आहे, ती तशीच उचला.

अर्थ दाखवणं मराठीत वाटतं त्याहून अवघड आहे. वाचक 'देवळात' या शब्दावर बोट ठेवतो आणि कोशात असतं 'देऊळ'. प्रत्यय काढून सामान्यरूपावरून मूळ शब्दापर्यंत पोचणारा टप्पा मध्ये लागतो. पहिल्या आवृत्तीत तो नीट जमला नाही तर अर्थ गटावर सोपवा: एकाने लिहावा, बाकीच्यांना दिसावा. बोलीतल्या शब्दांसाठी तर हेच जास्त उपयोगी. मालवणी किंवा अहिराणी शब्दाचा अर्थ गटातल्या एखाद्या सदस्याला कोशापेक्षा चांगला माहीत असतो.

शोध मात्र उदार ठेवा. 'नाही' शोधलं तर 'नाहीं' सापडलं पाहिजे, 'ॲ' शोधलं तर जुन्या मजकुरातला 'ऍ' सापडला पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीमुळे वाचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये. हे सगळे भेद शोधापुरते विसरा, मूळ मजकुराला हात लावू नका.

चर्चेची घडण

इथे तुमचं ॲप इतरांहून वेगळं होईल.

प्रत्येक टीप तीनपैकी एका ठिकाणी जावी: फक्त माझी, गटाची, सर्वांची. सुरुवातीला 'फक्त माझी' हेच निवडलेलं असावं. माणसाला आधी स्वतःशी लिहू द्या. त्यातलं काय दाखवायचं ते तो नंतर ठरवेल. गप्प सदस्य अशाच वाटेने बोलू लागतात.

पुस्तकाचे आठवड्याच्या मापाचे टप्पे करा. टप्पा कुठे संपतो हे गटाचा सूत्रधार ठरवेल, तुम्ही प्रकरणांवरून आपोआप कापू नका. वाचकाने 'इथवर वाचलं' असं स्वतः सांगितलं की तिथवरच्या टिपा उघडाव्यात. पडदा किती सरकला यावरून हे ठरवणं चुकीचं, कारण लोक मागेपुढे चाळतात. पुढच्या टिपा झाकलेल्या असाव्यात पण कुलूपबंद नसाव्यात. ज्याने ते पुस्तक आधी दोनदा वाचलंय त्याला कशाला अडवायचं?

पानावर टिपांची गर्दी नको. समासात एक छोटा ठिपका पुरे, आणि सलग वाचायचं असेल तेव्हा तोही लपवता यावा. वाचन आधी, चर्चा नंतर.

सूत्रधाराला प्रश्न मांडायची जागा द्या आणि प्रश्न एखाद्या उताऱ्याला जोडणं त्याला सोपं करा. "प्रकरण कसं वाटलं?" या प्रश्नाला "छान" एवढंच उत्तर येतं. "या परिच्छेदात वडील काहीच का बोलत नाहीत?" याला दहा उत्तरं येतात, आणि त्यातली दोन एकमेकांच्या विरोधात असतात. गट तिथे जागा होतो.

किती जणांना टीप आवडली ते आकडे दाखवू नका. आकडे दिसले की लोक टाळीसाठी लिहितात, आणि पहिल्यांदा लिहिणारा आपल्या शून्याकडे बघून परत फिरतो. त्याऐवजी 'उत्तर द्या' हे बटण मोठं ठेवा.

आवाजी टीप एका मिनिटापर्यंतची असू द्या. तिचं आपोआप लेखी रूप देता आलं तर द्या, पण मूळ आवाज ठेवा. उतारा मोठ्याने वाचून दाखवण्याची आपली जुनी रीत त्यातून ॲपमध्ये येते.

ॲपची स्वतःची भाषा आदराची असावी: 'लिहा', 'ऐका', 'पुढे वाचा'. मराठी क्रियापदाला लिंग लागतं आणि सदस्याचं लिंग विचारायचं कारण नसतं, तेव्हा सूचना '... यांनी टीप लिहिली' अशा घडणीत लिहा. सूचना दिवसातून एकदाच, सगळ्या मिळून पाठवा.

आपल्या पुस्तकांत जात आहे, धर्म आहे, बाईचं जगणं आहे, त्यामुळे चर्चा तापणार, आणि ती तापू द्यावी. पण सूत्रधाराच्या हातात तीन गोष्टी द्या: एखादा धागा दिवसभर थांबवणं, टीप काढणं, सदस्याला दूर करणं. प्रत्येक वाचकाला दुसऱ्या सदस्याला अडवण्याची आणि तक्रार करण्याची सोय हवीच. गूगल आणि ॲपल दोघंही वापरकर्त्यांनी लिहिलेला मजकूर असलेल्या ॲपकडून तिची मागणी करतात.

कागदावर, मग पडद्यावर

फोनच्या आकाराचे कागद कापा आणि पाच पडदे हाताने काढा: गटाचं घर, वाचनाचं पान, टीप लिहिणं, टप्प्याची चर्चा, माझ्या खुणा. नोंदणी आणि स्वागताचे पडदे शेवटी करा. कागद गटातल्या दोघा-तिघांसमोर ठेवून एक काम सांगा, "परवा ज्या ओळीवर बोलणं झालं ती शोधा," आणि गप्प राहा. बोट कुठे जातं ते पाहा. समजावून सांगावं लागलं तर तो पडदा बदलायचा.

कागदावर जमलं की फिग्मात, म्हणजे पडदे रेखाटायच्या साधनात, तेच उतरवा, खऱ्या मराठी मजकुरासह. नमुन्यादाखल इंग्रजी किंवा निरर्थक अक्षरं भरलीत तर लांब शब्द, मोडणाऱ्या ओळी, बटणात न मावणारं मराठी यातलं काहीच दिसणार नाही. स्वस्त, कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर आणि फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून पाहा. टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, सुरू करून डोळे मिटून एक पान ऐका. ज्या बटणाला नाव दिलेलं नाही ते तिथे लगेच उघडं पडतं.

बांधणी आणि नियम

ईपब दाखवण्याचा भाग स्वतः लिहू नका. रीडियम हे मुक्त स्रोत साधन अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहे. मजकूर आणि स्वतःच्या टिपा फोनवरच साठवा, नेटवर्क आलं की जुळवा.

एखादा माणूस काय वाचतो आणि कोणत्या ओळीखाली रेघ मारतो ही त्याची खासगी गोष्ट आहे. लागेल तेवढीच माहिती घ्या, खातं आणि टिपा पूर्ण पुसता येतील अशी सोय ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळेचा गट करायचा असेल तर हे आधी सोडवा.

गूगल प्लेवर खात्याचं शुल्क एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर. गूगलवर नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची बंद (फक्त निवडलेल्या माणसांपुरती) चाचणी करावी लागते. सुरुवातीला धरलेला तुमचा गट इथे कामी येतो.

पहिलं पुस्तक

चाचणीसाठी चार आठवड्यांत संपेल असं लहान पुस्तक घ्या, शक्यतो खुल्या हक्कांचं, म्हणजे मजकूर आणि टिपा एकत्र तपासता येतील. पहिल्या आठवड्यात उत्साहाने सगळेच लिहितात, त्यावरून काही ठरवू नका. तिसऱ्या आठवड्यात कोण टिकलं ते बघा, आणि जे थांबले त्यांना फोन करून विचारा की ते कोणत्या पानावर थांबले. पान विचारलं की खरं कारण कळतं: अक्षर, वेळ, कंटाळा की चर्चेतलं काही लागलेलं बोलणं.

पुस्तक संपल्यावर गटाच्या सगळ्या टिपा, उताऱ्यांसह, एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय द्या. पूर्ण पुस्तक त्यात येणार नाही इतपत उतारे लहान ठेवा, प्रत्येकाच्या टिपेखाली त्याचं नाव असू द्या, आणि ज्यांना आपली टीप वगळायची आहे त्यांना फाइल बनण्याआधी तसं सांगता यावं.